एंडोमेट्रिओसिस आणि ओव्हरीतले हॉर्मोन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही, एंडो घेऊन पंधराएक वर्षं जगणारी बाई आहे. एंडो म्हणजे एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाच्या बाहेर वाढायचा आजार. डाव्या ओव्हरीवरचं चॉकलेट सिस्ट (एंडोमुळे ओव्हरीत होणारी जुन्या रक्ताची गाठ) काढून झालंय आणि त्यानंतर जे काही वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलं ते इथे लिहितेय, कारण हॉर्मोन्सबद्दल तेच तेच प्रश्न परत परत येतात. औषध मात्र आपल्या गायनॅकला विचारूनच चालू किंवा बंद करा, माझ्या लिखाणावरून नाही.

आधी हे सांगा, ओव्हरी नॉर्मली बनवते तरी काय?

मुख्य दोन गोष्टी, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची छोटी ग्रंथी असते, ती एफएसएच आणि एलएच ही ओव्हरीला हुकूम देणारी हॉर्मोन्स सोडते. ओव्हरीत ज्या पिशवीत बीज वाढतं ती म्हणजे फॉलिकल, आणि त्याच्या भिंतीत दोन प्रकारच्या पेशी असतात. बाहेरच्या थीका पेशी एलएचच्या सांगण्यावरून कोलेस्टेरॉलपासून अँड्रोजेन बनवतात, म्हणजे ज्याला आपण पुरुषी हॉर्मोन म्हणतो तेच, आणि आतल्या ग्रॅन्युलोसा पेशी एफएसएचच्या सांगण्यावरून त्याचं इस्ट्रॅडिऑल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, करतात. हे रूपांतर करणाऱ्या एन्झाइमचं नाव अरोमाटेज. हे नाव लक्षात ठेवा, पुढे सगळी गंमत त्याचीच आहे.

बीज बाहेर पडलं की रिकामी झालेली पिशवी पिवळसर होते, तिला कॉर्पस ल्युटियम म्हणतात, आणि ती साधारण दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन बनवते. गर्भ राहिला नाही तर ती वाळते, प्रोजेस्टेरॉन धाडकन खाली येतं आणि पाळी येते.

म्हणजे एंडो झालेल्या बाईची ओव्हरी जास्त इस्ट्रोजेन बनवते, बरोबर ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. एंडो इस्ट्रोजेनवर पोसला जाणारा आजार आहे हे खरं, पण म्हणून ओव्हरी इस्ट्रोजेनचा पूर आणते असं नाही, बहुतेक जणींच्या रक्तातलं इस्ट्रॅडिऑल बाकी बायकांसारखंच असतं. गडबड रक्तात नसते, ती जिथे एंडोचे पॅच, म्हणजे त्या अस्तरासारख्या थराचे तुकडे, चिकटलेत तिथे असते. पोटाच्या आतल्या अस्तरावर, ओव्हरीवर, आतड्यावर, गर्भाशयामागच्या खोबणीत. ते पॅच ओव्हरीकडून आलेलं इस्ट्रोजेन तर वापरतातच, वर स्वतःचंही बनवतात.

पॅच स्वतः हॉर्मोन बनवतात? ते कसं काय?

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मलाही खरं वाटलं नव्हतं. गर्भाशयाच्या आतल्या निरोगी अस्तरात अरोमाटेज जवळपास नसतंच, त्या अस्तराचं काम इस्ट्रोजेन बनवायचं नाहीच, आलेल्या इस्ट्रोजेनला प्रतिसाद द्यायचं आहे. पण एंडोच्या पॅचमध्ये अरोमाटेज सापडतं. १९९० च्या दशकात संशोधकांनी हे दाखवलं आणि तिथून या आजाराकडे बघायची नजरच बदलली. कोलेस्टेरॉल पेशीच्या आतल्या कारखान्यापर्यंत पोचवणारं प्रोटीनसुद्धा तिथे असतं, म्हणजे कच्चा माल आणण्यापासून तयार इस्ट्रॅडिऑलपर्यंत सगळी सोय जागेवर.

आता पुढचं बघा. पॅचमध्ये इस्ट्रॅडिऑल वाढलं की ते कॉक्स-२ नावाच्या एन्झाइमला चेव आणतं, कॉक्स-२ प्रोस्टाग्लँडिन ई२ बनवतं, आणि हे प्रोस्टाग्लँडिन परत अरोमाटेजला आणखी जोरात काम करायला लावतं. म्हणजे इस्ट्रोजेनमुळे सूज, सुजेमुळे इस्ट्रोजेन, असं रहाटगाडगं चालू राहतं, एक पोहरा रिकामा होतोय तोवर दुसरा भरून वर येतो. प्रोस्टाग्लँडिन म्हणजे तेच ज्याच्यामुळे पाळीत कळा येतात, त्यामुळे हे गाडगं फिरतं तेव्हा आपल्याला ते चांगलंच जाणवतं. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिडसारख्या गोळ्या कॉक्सलाच अडवतात म्हणून दुखणं कमी होतं, पण तेवढ्यापुरतंच, पॅच काही त्याने जात नाहीत.

आणि एक भर. निरोगी अस्तरात पाळीच्या दुसऱ्या पंधरवड्यात एक एन्झाइम असतं जे जोरदार इस्ट्रॅडिऑलचं सौम्य इस्ट्रोनमध्ये रूपांतर करतं, गॅस मंद करावा तसं. पॅचमध्ये हे एन्झाइम फार कमी असतं. बनवणं जास्त आणि निपटारा कमी, मग साठणारच.

प्रोजेस्टेरॉन कमी पडतं म्हणून होतं का हे?

कमी पडण्यापेक्षा ऐकलं जात नाही हा मुद्दा आहे. डॉक्टर त्याला प्रोजेस्टेरॉन रेझिस्टन्स म्हणतात. प्रोजेस्टेरॉनचं काम अस्तराला सांगणं की बास, आता वाढू नकोस, शांत हो. हा निरोप घ्यायला पेशीत रिसेप्टर लागतात, त्यातला बी नावाचा प्रकार पॅचमध्ये फारच कमी झालेला असतो. ओव्हरी ओरडून सांगतेय आणि पॅच कानात बोळे घालून बसलाय. वर मी ज्या इस्ट्रॅडिऑल निपटवणाऱ्या एन्झाइमबद्दल लिहिलं ते प्रोजेस्टेरॉनच्या हुकमावरूनच तयार होतं, म्हणजे हुकूम ऐकला नाही की एन्झाइमही नाही. सगळं एकमेकात अडकलेलं आहे.

म्हणूनच एखादीला प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी मस्त आराम पडतो आणि दुसरीला त्याच गोळीने काहीच फरक पडत नाही. दुसरीने गोळी नीट घेतली नसेल असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

माझे हॉर्मोनचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत, मग एंडो नाहीये का?

रिपोर्ट नॉर्मल असणं हे एंडोमध्ये नेहमीचंच आहे. रक्त तपासलं जातं हातातलं, आणि कारभार चाललाय ओटीपोटात, मिलिमीटरभर जागेत. एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिऑल, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, यातली एकही टेस्ट एंडो आहे किंवा नाही हे सांगू शकत नाही. या टेस्ट दुसरं काही नाही ना हे बघायला करतात, आणि ते बघायलाच हवं, पण "रिपोर्ट नॉर्मल, तुम्हाला काही नाही, टेन्शन घेऊ नका" असं ऐकून घरी आलेल्या बायका इतक्या आहेत की मोजायला बसले तर संध्याकाळ होईल. मीही त्यातलीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात साधारण १९ कोटी बायका-मुलींना हा आजार आहे, पाळी येण्याच्या वयातल्या दहापैकी एकीला, आणि तरी निदानाला वर्षानुवर्षं लागतात.

सीए-१२५ वाढलंय, ते?

ते हॉर्मोन नाही, रक्तात मोजलं जाणारं एक प्रोटीन आहे. एंडोत वाढू शकतं, पाळीतही वाढतं, इतर बऱ्याच कारणांनी वाढतं. ३५ च्या वर आकडा दिसला की लोक घाबरून जातात, पण त्यावरून एंडोचं निदान करू नये असंच युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्येही आहे.

मग हॉर्मोन टेस्ट करायच्याच असतील तर कुठल्या दिवशी?

एफएसएच, एलएच आणि इस्ट्रॅडिऑल पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, कारण तेव्हा ओव्हरी शांत असते. बीज बाहेर पडलं का हे बघायचं तर प्रोजेस्टेरॉन, साधारण पुढची पाळी यायच्या सात दिवस आधी. सरसकट "एकविसाव्या दिवशी" असं सांगतात ते २८ दिवसांचं चक्र धरून, तुमचं ३५ दिवसांचं असेल तर एकविसाव्या दिवशी आकडा कमीच येणार आणि उगाच घाबरायला होणार. ३ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर बीज बाहेर पडलं असं धरतात. एएमएच, म्हणजे ओव्हरीतल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी टेस्ट, कुठल्याही दिवशी चालते. आणि हॉर्मोनच्या गोळ्या चालू असताना या टेस्ट केल्या तर आकडे गोळीचे दिसतात, ओव्हरीचे नाही.

"इस्ट्रोजेन डॉमिनन्स" म्हणतात ते हेच का? डिटॉक्स करू का?

हा शब्द सोशल मीडियावर फार चालतो, डॉक्टरांच्या पुस्तकात असं निदान नाही. तुमच्या रक्तात इस्ट्रोजेन जास्त नसेल तर डिटॉक्स कशाचं करणार? साप म्हणून भुई धोपटण्यातला प्रकार. वर लिहिलेली पॅचमधली गडबड कुठल्याही पावडरीने, चहाने धुतली जात नाही. समतोल खाणं, व्यायाम जरूर करा, बऱ्याच जणींना त्याने बरं वाटतं, पण हॉर्मोन "बॅलन्स" करून देतो म्हणून महागडं पाकीट कुणी गळ्यात मारत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

ओव्हरीतल्या पेशींवर एंडोचा काहीच परिणाम होत नाही का मग?

होतो, फक्त "जास्त इस्ट्रोजेन" असा नाही, बऱ्याचदा उलटाच. एंडोमध्ये ओटीपोटातल्या पाण्यात आणि फॉलिकलच्या आतल्या पाण्यातही सुजेची रसायनं वाढलेली सापडतात, इंटरल्युकिन-६ वगैरे. लॅबमधल्या प्रयोगांत अशी रसायनं ग्रॅन्युलोसा पेशींमधलं अरोमाटेज दाबतात असं दिसलंय. म्हणजे विचित्र गोष्ट बघा, जिथे अरोमाटेज असायला हवं त्या ओव्हरीत ते थोडं मंदावतं, आणि जिथे नकोच होतं त्या पॅचमध्ये जोरात चालतं. आयव्हीएफ (टेस्ट-ट्यूब बेबीचा उपचार) करणाऱ्या काही बायकांच्या फॉलिकलच्या पाण्यात इस्ट्रॅडिऑल कमी सापडलंय, काहींच्यात फरकच नाही, अभ्यासांचं यावर एकमत नाही. प्रत्येकीला असंच होतं असं धरून चालू नका, बऱ्याच एंडोवाल्या बायकांची पाळी घड्याळासारखी येते आणि दर महिन्याला बीजही बाहेर पडतं.

दुसरी एक गोष्ट सांगतात, की कधीकधी फॉलिकल पूर्ण वाढतं, एलएच येतं, प्रोजेस्टेरॉनही बनायला लागतं पण पिशवी फुटतच नाही, बीज आतच राहतं. रक्ताच्या टेस्टमध्ये सगळं झकास दिसतं कारण प्रोजेस्टेरॉन वाढलेलं असतं. सोनोग्राफीत एकदोन दिवसाआड बघितलं तरच पकडता येतं. निरोगी बायकांमध्येही अधूनमधून होतं हे, त्यामुळे एका महिन्यात झालं म्हणून खचून जाऊ नका.

चॉकलेट सिस्टमुळे ओव्हरीचं काम बिघडतं का?

खरं नुकसान व्हायची शक्यता असते ती इथेच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चॉकलेट सिस्ट म्हणजे एंडोमेट्रिओमा. आत जुनं, घट्ट झालेलं, तपकिरी रक्त. जॉन सॅम्पसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९२१ मध्ये या सिस्टवर लिहिलं तेव्हापासून हे चॉकलेटचं नाव चिकटलंय, बिचारं चॉकलेट. एंडो असलेल्या बायकांपैकी १७ ते ४४ टक्के जणींना हे असतं असं वेगवेगळ्या अभ्यासांत दिसतं, आणि डाव्या ओव्हरीवर जास्त.

साध्या पाण्याच्या सिस्टपेक्षा हे वेगळं. त्याला धड स्वतःची वेगळी पिशवी नसते, ओव्हरीचाच भाग आत दुमडून भिंत झालेली असते, त्यामुळे बीजांचा साठा अगदी भिंतीला लागून असतो. आतल्या जुन्या रक्तात लोह खूप, ते लोह आजूबाजूच्या पेशींना गंज चढवल्यासारखं करतं, ज्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात, आणि हळूहळू तिथला मऊ भाग कडक तंतुमय होत जातो. अशा भागात बीजांची संख्या कमी सापडते. एक विचार असाही आहे की सुजेमुळे झोपलेली बीजं वेळेआधीच जागी होतात, वाढायला लागतात आणि वाया जातात, असं करत साठा भरभर संपतो.

पण रोजच्या हॉर्मोनचं काय? ते बहुतेक वेळा ठीकच चालतं, कारण दुसरी ओव्हरी असते आणि सिस्ट असलेल्या ओव्हरीचाही उरलेला भाग काम करत असतो. इस्ट्रोजेन बनवायला दर महिन्याला एक चांगलं फॉलिकल पुरतं. म्हणून साठा अर्धा झाला तरी पाळी नियमित, रिपोर्ट छान, आणि आपल्याला पत्ताच नाही.

एएमएच कमी आली, म्हणजे माझे हॉर्मोन कमी झाले का?

नाही. एएमएच हे साठ्याचं माप आहे, ओव्हरीतल्या छोट्या छोट्या फॉलिकलमधून ते येतं, जितकी फॉलिकल तितकं एएमएच. एएमएच कमी असूनही इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन व्यवस्थित असू शकतं. एएमएच कमी म्हणजे मूल होणारच नाही असंही नाही, बीजाचा दर्जा ती सांगत नाही, आयव्हीएफमध्ये साधारण किती बीजं मिळतील याचा अंदाज देते. आणि हॉर्मोनच्या गोळ्या चालू असतील तर आकडा खरा आहे त्यापेक्षा थोडा खाली दिसू शकतो, हे लॅबवाले सांगत नाहीत, तुम्हीच लक्षात ठेवा.

सिस्टचं ऑपरेशन केलं तर ओव्हरी सुधारते ना?

दुखणं सुधारतं, बऱ्याच जणींचं खूप सुधारतं. साठा मात्र सुधारत नाही, तो कमी होतो. सिस्टची भिंत सोलून काढताना तिला चिकटलेली निरोगी ओव्हरीही थोडी निघते आणि रक्त थांबवायला जे डागतात त्याचाही चटका बसतो. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तर ऑपरेशननंतर एएमएच एका बाजूचं सिस्ट असेल तर साधारण तिसरा हिस्सा आणि दोन्ही बाजूंना असेल तर निम्म्याच्या आसपास खाली येते. दोन्ही बाजूंचं ऑपरेशन झालेल्या १२६ बायकांचा एक अभ्यास आहे, त्यातल्या तिघींच्या ओव्हरी ऑपरेशननंतर बंदच पडल्या, म्हणजे २.४ टक्के. आकडा लहान आहे पण त्या तिघींना विचारा.

ऑपरेशन करूच नका असं मी म्हणत नाहीये हां. सिस्ट मोठं असेल, दुखणं असह्य असेल, किंवा सोनोग्राफीत काही संशयास्पद दिसत असेल तर करावंच लागतं. मी पण केलं आणि परत तशीच वेळ आली तर करेन. पण मला ऑपरेशनच्या आधी कुणी एएमएच करायला सांगितली नाही, बीजं फ्रीझ करण्याचा पर्याय असतो हेही कुणी बोललं नाही, आणि नंतर जेव्हा आकडा आला तेव्हा तो आधी किती होता हे कळायला मार्गच नव्हता. माझा राग आहे तो त्यावर. त्यामुळे पुढे मूल हवं असण्याची थोडी जरी शक्यता असेल तर आधी एएमएच आणि सोनोग्राफीत फॉलिकलची मोजणी करून घ्या, सर्जनला विचारा की किती भाग काढणार, डागणार की टाके घालणार, आणि त्याच ओव्हरीवर दुसऱ्यांदा ऑपरेशन सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच, कारण दुसऱ्या वेळी नुकसान जास्त होतं.

एक ओव्हरी काढली तर हॉर्मोन अर्धे होतात का?

नाही, उरलेली एकटी सगळं सांभाळते, पाळीही दर महिन्याला येते. मेनोपॉज थोडा लवकर येऊ शकतो, सरासरी साधारण वर्षभर.

एंडोमुळे पाळी लवकर जाते का?

थोडी शक्यता वाढते. अमेरिकेतल्या नर्सेसवर वर्षानुवर्षं चाललेल्या एका मोठ्या अभ्यासातून २०२२ मध्ये असं आलं की लॅप्रोस्कोपीने (दुर्बिणीच्या ऑपरेशनने) एंडो पक्का झालेल्या बायकांना ४५ च्या आत नैसर्गिक मेनोपॉज येण्याचा धोका बाकीच्यांपेक्षा साधारण ५० टक्क्यांनी जास्त होता. ऐकायला भीती वाटते, पण मुळात ४५ च्या आत पाळी जाणाऱ्या बायकाच थोड्या, त्या थोड्यांच्या दीडपट म्हणजे अजूनही थोड्याच. लवकर पाळी जाण्याचं मोठं कारण एंडोत ऑपरेशन हेच असतं, ओव्हरी काढल्या गेल्या की मेनोपॉज त्याच दिवशी.

चाळिशीच्या आत पाळ्या लांबायला लागल्या, अंगातून वाफा निघायला लागल्या तर "एंडोचंच असेल" म्हणून कानाडोळा करू नका, एफएसएच करून बघा. हाडं आणि हृदय दोघांनाही इस्ट्रोजेन लागतं.

हॉर्मोनच्या गोळ्यांनी ओव्हरी कायमची बंद पडते असं सासूबाई म्हणतात.

पडत नाही, त्यांना सांगा निवांत रहा. ओव्हरी झोपते, गोळी थांबली की उठते. कुठली गोळी किती झोपवते यात मात्र फरक आहे.

डायनोजेस्ट (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध) २ मिलिग्रॅम रोज घेतलं की बीज सहसा बाहेर पडत नाही आणि इस्ट्रोजेन मध्यम पातळीवर खाली येतं, पार तळाला जात नाही. बंद केल्यावर साधारण महिना-दीड महिन्यात ओव्हरी परत कामाला लागते. (गर्भनिरोधक म्हणून मात्र त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही.) हॉर्मोनवाली कॉपर-टीसारखी दिसते ती, म्हणजे मिरेना, तिच्यात ५२ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल असतं आणि ती मुख्यतः गर्भाशयात काम करते, बहुतेक जणींची ओव्हरी नेहमीसारखी बीज सोडत राहते. त्यामुळे मिरेना असताना पाळी थांबली तरी ओव्हरी थांबली असं नाही. चॉकलेट सिस्टवाल्यांनी हा फरक डॉक्टरांशी बोलून घ्यावा.

जीएनआरएच अ‍ॅगोनिस्टची इंजेक्शनं, ल्युप्रोलाइड वगैरे, ही सगळ्यात कडक. पहिले एकदोन आठवडे ती पिट्युटरीला उलट डिवचतात, इस्ट्रोजेन वाढतं, दुखणं वाढू शकतं, आणि मग पिट्युटरी थकून गप्प बसते आणि ओव्हरीही. तात्पुरता मेनोपॉजच. वाफा, कोरडेपणा, झोप उडणं, हाडांची घनता कमी होणं, सगळं. हा पहिला झटका बसणार हे आधी माहीत असलं तर माणूस निदान घाबरत तरी नाही. एलागोलिक्ससारख्या नवीन अँटागोनिस्ट गोळ्यांत, ज्याला अमेरिकेत २०१८ मध्ये परवानगी मिळाली, तो झटका नसतो, आणि डोस कमीजास्त करून इस्ट्रोजेन किती खाली आणायचं हे ठरवता येतं.

इस्ट्रोजेन पूर्ण बंद करूनच टाकलं तर?

पूर्ण बंदची गरज नसते. इथे एक छान कल्पना आहे, १९९० च्या दशकात मांडलेली, की प्रत्येक अवयवाची इस्ट्रोजेनची गरज वेगळी. पॅचना वाढायला जास्त लागतं, हाडांना थोडं पुरतं. इस्ट्रॅडिऑल ३० ते ५० पिकोग्रॅमच्या पट्ट्यात ठेवलं तर पॅच उपाशी आणि हाडं मात्र जेवलेली. म्हणून कडक इंजेक्शनांबरोबर थोडं हॉर्मोन परत देतात, त्याला अ‍ॅड-बॅक म्हणतात. एकीकडे काढायचं आणि दुसरीकडे द्यायचं हे वेड्यासारखं वाटतं, पण हिशोब हाच आहे. अ‍ॅड-बॅक दिलं म्हणून औषधाचा गुण जात नाही.

अरोमाटेजच बंद करणारं औषध नाही का?

आहे, लेट्रोझोल. वर सगळा घोळ वाचलात तर हेच औषध सरळ उत्तर वाटेल, मलाही वाटलं. अडचण अशी की पाळी चालू असलेल्या बाईला एकटं लेट्रोझोल दिलं तर इस्ट्रोजेन कमी झालेलं पाहून मेंदू एफएसएच वाढवतो आणि ओव्हरी फॉलिकलवर फॉलिकल वाढवत बसते. (वंध्यत्वात बीज वाढवायला ते देतात ते याच गुणामुळे.) त्यामुळे एंडोच्या दुखण्यासाठी ते प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) किंवा तसल्याच दुसऱ्या औषधासोबत देतात, आणि बाकी औषधांनी भागलं नाही तरच.

गर्भाशय काढून टाकलं, ओव्हरी ठेवल्या, मग तरी संपेल ना?

पाळी संपेल. एंडोचे पॅच गर्भाशयाच्या बाहेर असतात, ते राहिले असतील आणि ओव्हरी इस्ट्रोजेन बनवत असतील तर दुखणं परत येऊ शकतं. ओव्हरीही काढल्या तर परत यायची शक्यता बरीच कमी होते, पण तरुण वयात ओव्हरी काढणं म्हणजे हाडं, हृदय, झोप, मूड सगळ्यांवर परिणाम, आगीतून फुफाट्यात जाण्याचा प्रकार होऊ शकतो. घाईने ठरवायची गोष्ट नाही ही.

मेनोपॉजनंतर ओव्हरीच बंद, मग एंडो पण बंद?

बहुतेकींचा शांत होतो. पण काहीजणींना नंतरही त्रास राहतो, कारण चरबीतही अरोमाटेज असतं, तिथे इस्ट्रोन बनतच राहतं, आणि पॅचचा स्वतःचा कारखाना तर आहेच. मेनोपॉजच्या त्रासासाठी हॉर्मोन घ्यायचे असतील तर एंडो होता हे डॉक्टरांना नक्की सांगा, गर्भाशय काढलेलं असलं तरीही, कारण अशा वेळी नुसतं इस्ट्रोजेन न देता सोबत प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉन किंवा त्यासारखं औषध) देणं पसंत करतात.

चरबीत इस्ट्रोजेन बनतं तर वजन कमी केलं की एंडो कमी होईल?

इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. उलट बऱ्याच अभ्यासांत एंडो असलेल्या बायका सरासरीने बारीकच दिसतात. वजनावरून बोलणाऱ्यांना हे वाक्य दाखवा.

मला पीसीओएस पण आहे आणि एंडो पण. असं होतं का?

होतं. हॉर्मोनच्या बाजूने दोन्ही जवळजवळ उलट टोकाचे आजार आहेत, पीसीओएसमध्ये ओव्हरी अँड्रोजेन जास्त बनवते, फॉलिकल खूप, एएमएच जास्त, बीज वेळेवर बाहेर पडत नाही. पण एकीला दोन्ही असू शकतात, आणि मग एएमएच "छान" दिसते, सिस्टमुळे झालेलं नुकसान त्या आकड्यामागे लपतं. पाळी लांबते ती सहसा पीसीओएसमुळे, पाळीत जीव जातो ते सहसा एंडोमुळे. एकाचं निदान झालं की दुसऱ्याकडे कुणी बघत नाही हा अनुभव मात्र खूप जणींचा.

प्रेग्नन्सी राहिली की बरं होतं म्हणतात?

नऊ महिने पाळी नाही आणि प्रोजेस्टेरॉन भरपूर, त्यामुळे बऱ्याच जणींना आराम पडतो, अंगावर पाजतानाही कधीकधी. ओव्हरीचं चक्र परत सुरू झालं की दुखणंही परत येऊ शकतं. मूल हवं म्हणून मूल, औषध म्हणून नाही.

मूल हवंय तर आधी सहा महिने गोळ्या घेऊन एंडो "सुकवू" का?

नैसर्गिक गर्भधारणेसाठी याचा फायदा होत नाही, गोळ्या चालू असताना ओव्हरी झोपलेली असते, तेवढे महिने हातचे जातात, आणि साठा आधीच कमी असेल तर ते महिने मोलाचे असतात. दुखण्यासाठी गोळ्या वेगळ्या आणि मुलासाठीचा मार्ग वेगळा, दोन्ही एकदम साधत नाही हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

माझं ऑपरेशन आधीच झालंय, तेव्हा एएमएच केली नव्हती. आता करून काही उपयोग?

आहे. जुना आकडा नाही म्हणून किती गेलं ते कळणार नाही, पण किती उरलंय ते कळेल, आणि निर्णय त्यावरच घ्यायचा असतो. ऑपरेशननंतर लगेच मात्र करू नका, सुरुवातीला आकडा जास्तच खाली दिसतो आणि काही जणींमध्ये पुढच्या महिन्यांत थोडा वर येतो. माझाही आधी फार खाली होता, वर्षभराने बघितला तेव्हा थोडा वर आला होता, फार नाही, पण तेवढ्याने मी त्या रात्री नीट झोपले.